खताचं गाऱ्हाणं दिल्लीत, 'व्हय म्हाराजा' म्हणायचं कुणी?

थळ, तळोजा, ट्रॉम्बे, अंजनवेल. कोकण किनाऱ्यावरची ही चार नावं एका दमात घेतली की कोकणातल्या खतउद्योगाचा बराचसा संसार नजरेखालून जातो. ट्रॉम्बेचा कारखाना साठच्या दशकात फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने उभारला. १९७८ मध्ये त्या महामंडळाच्या वाटण्या झाल्या आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आपली आरसीएफ, वेगळी निघाली. पुढे ऐंशीच्या दशकात अलिबागला लागून थळला तिचा युरियाचा अवाढव्य कारखाना आला, तो बॉम्बे हायच्या गॅसच्या भरवशावर, कारण युरिया बनतो तो गॅसपासून. तळोज्याला दीपक फर्टिलायझर्स आहे. आणि गुहागर तालुक्यात अंजनवेलला, दाभोळच्या वीजप्रकल्पाशेजारी, परदेशातून बोटीनं आलेला द्रवरूप गॅस उतरवून घ्यायचं टर्मिनल आहे. तिथला ब्रेकवॉटर अपुरा राहिल्यामुळे ते कित्येक वर्षं ऐन पावसाळ्यात बंद ठेवावं लागत असे, हा आणखी एक कोकणी किस्सा. सांगायचं इतकंच, की गॅस आपल्या किनाऱ्यावर उतरतो, युरिया आपल्या किनाऱ्यावर तयार होतो आणि भाताची लावणी उरकल्यावर युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभा राहणाराही आपलाच माणूस असतो.

या सगळ्या कारखानदारांची, आयातदारांची आणि विक्रेत्या कंपन्यांची मिळून एक राष्ट्रीय संघटना आहे: फर्टिलायझर असोसिएशन ऑफ इंडिया. स्थापना १९५५ ची, मुख्यालय दिल्लीत. सरकारी, सहकारी आणि खासगी अशा तिन्ही तऱ्हेच्या कंपन्या तिच्या छत्राखाली बसतात, आणि आपल्याकडे असा मेळ दुर्मीळच. ती स्वतः खत विकत नाही. आकडेवारी गोळा करते, नियतकालिक काढते, दर डिसेंबरात मोठं चर्चासत्र भरवते आणि वर्षभर सरकारदरबारी उद्योगाची बाजू मांडते. खतांच्या खपाचे, आयातीचे, किमतींचे जे आकडे वर्तमानपत्रांत येतात त्यांतले पुष्कळसे फिरून फिरून तिच्याच वार्षिक आकडेवारीतून आलेले असतात. तिच्यावर टीका करणाऱ्यालाही तिचेच आकडे घ्यावे लागतात. मीही पुढे घेणार आहे.

तर या संघटनेचं दिल्लीतलं गाऱ्हाणं काय आहे, ते आधी नीट ऐकून घेऊ. कारण 'उद्योगपतींची लॉबी' असं म्हणून ते उडवून लावणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

युरियाची विक्रीची किंमत सरकार ठरवतं. २०१२ पासून ती टनाला ५,३६० रुपये आहे. २०१८ मध्ये गोणी पन्नास किलोची पंचेचाळीस किलोची झाली; कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च धरून ती आज साधारण २६६ रुपये ५० पैशांना पडते. एवढ्या वर्षांत डिझेल, मजुरी, भात, आंबा, एसटीचं तिकीट सगळं कुठल्या कुठे गेलं. युरिया तिथेच आहे. करायला लागणारा खर्च विक्रीच्या किमतीच्या कितीतरी पट, आणि त्यातला मोठा हिस्सा एकट्या गॅसचा. मधली तफावत सरकार अनुदान म्हणून कंपनीला देतं. कंपनीचा गॅसखेरीजचा जो स्थिर खर्च धरला जातो त्याचा पाया २००२-०३ सालच्या आकड्यांचा आहे. वर थोडीफार भर पडली असेल, पण पाया तोच. अनुदानाची बिलं अडकली की कंपन्यांनी बँकेचं कर्ज काढून दिवस ढकलायचे, त्याचं व्याज आपल्या खिशातून. कोणत्या महिन्यात कोणत्या राज्यात किती माल जायचा तेही केंद्रच ठरवतं. २०२२ पासून तर गोणीवर 'भारत' हे एकच नाव मोठ्या अक्षरांत छापायचं, आणि कंपनीला स्वतःच्या नावासाठी एक तृतीयांश जागा. अशा धंद्यात कुणी नवा पैसा घालील का, हा संघटनेचा प्रश्न रास्त आहे.

आयातीचं दुखणं निराळं. पोटॅश आपल्याकडे जवळजवळ सगळंच बाहेरून येतं: कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल. डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, निम्म्याहून अधिक तयार स्वरूपात येतं आणि जे इथे बनतं त्याचा कच्चा मालही मोरोक्को-जॉर्डनकडून. चीननं निर्यातीला लगाम घातला, तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, आणि त्याचा चटका २०२४ च्या रब्बीत डीएपीच्या रांगांमध्ये बसला. २०२२-२३ मध्ये युक्रेनच्या युद्धानं भाव भडकले तेव्हा खतांच्या अनुदानाचा आकडा अडीच लाख कोटींवर गेला, म्हणजे त्या वर्षी केंद्राच्या कृषी मंत्रालयाला दिलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट. (खतं कृषी मंत्रालयाकडे नाहीतच, ती रसायने व खते मंत्रालयाकडे आहेत. खत हे शेतीचं की रसायनांचं, याचा निकाल दिल्लीनं खातं वाटतानाच लावून टाकला.)

यावर संघटनेची मागणी बरीच वर्षं एकच आहे. डीएपी, पोटॅश आणि संयुक्त खतांना २०१० पासून जसं अन्नद्रव्याच्या हिशेबानं ठरावीक अनुदान मिळतं तसंच युरियालाही द्या, किमती हळूहळू मोकळ्या करा आणि अनुदानाची रक्कम थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका. युरिया तेवढा वगळून बाकीच्यांना मोकळं सोडल्यामुळे शेतकरी स्वस्त म्हणून युरियाच ओततो, हे तिचं म्हणणं तिच्याच आकड्यांतून दिसतं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचं देशपातळीवरचं प्रमाण ढोबळमानानं ४:२:१ असावं असं मानतात. २००९-१० मध्ये ते त्याच्या आसपास होतं. २०२२-२३ मध्ये ते ११.८ : ४.६ : १ झालं.

इथवर मी संघटनेच्या बाजूचा आहे. अडचण पुढे आहे.

आमच्याकडे जत्रेला, लग्नाला, नवा होडा पाण्यात घालताना गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीनं बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याच्यासाठी मागायचं तो हजर असतो आणि त्यानं होकार भरल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. खतांच्या संघटनेचं दिल्लीतलं गाऱ्हाणं शेतकऱ्याच्या नावानं घातलं जातं, पण होकार भरणारी माणसं सगळी कंपन्यांची. उद्योगाची संघटना उद्योगाचंच बोलणार, त्यात गैर काहीच नाही. प्रश्न आपला आहे. कोकणातल्या शेतकऱ्यानं यातल्या कुठल्या वाक्याला 'व्हय' म्हणावं आणि कुठे हात वर करून थांबवावं?

थांबवायचं पहिलं ठिकाण म्हणजे टन. या धंद्यातलं सगळं मोजमाप टनात चालतं: किती टन बनलं, किती टन आलं, किती टन खपलं. १९५०-५१ च्या सुमाराला देशात सत्तर हजार टनांच्या आसपास अन्नद्रव्यं वापरली जात, आज तो आकडा तीन कोटी टनांच्या घरात आहे. पंजाब-हरियाणाच्या सपाट, ओलिताच्या जमिनीत टनांची ती भाषा एक वेळ चालून गेली. कोकणात ती पहिल्या पावसातच वाहून जाते, आणि हे मी अलंकारानं म्हणत नाही.

आपली जमीन जांभ्याची, आम्लधर्मी. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही चार महिन्यांत. त्यामुळे चुना, मॅग्नेशियम, पालाश हे सगळं धुपून खाडीला जातं. मातीत उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असं धरून बसतं की सुपर फॉस्फेट टाकलं तरी मुळांच्या वाट्याला थोडंच येतं. आणि भाताच्या खाचरात पाण्यावर फेकलेला युरिया? काही अमोनिया होऊन हवेत, काही बांध फुटून खालच्या मळ्यात, काही जमिनीखाली. पिकाच्या तोंडी लागतो तो एक तृतीयांशाच्या आसपास. वरच्या खाचरातल्या माणसानं खत मारलं आणि रात्री पाऊस कोसळला की खालच्याचं भात हिरवं दिसतं, हा विनोद इथे प्रत्येक वाडीत केला जातो.

पालाशचं तर सरळसरळ उलटं आहे. माडाला, पोफळीला, आंब्याला पालाश जास्त लागतं, आणि नेमकं तेच आपल्या जमिनीत टिकत नाही. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस पाहिली तर मोठ्या माडाला वर्षाकाठी दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यायला हवं. ज्याचे पंचवीस माड आहेत त्याला अख्खी पन्नास किलोची गोणी लागली. आता सरकारचा हिशेब बघा. २०२३ च्या रब्बीपासून पालाशवरचं अनुदान किलोला २ रुपये ३८ पैशांवर आणलं गेलं, नत्राला मात्र ते किलोला चाळीसच्या वर राहिलं. पोटॅशच्या गोणीत साधारण तीस किलो पालाश असतं, म्हणजे सगळ्या गोणीवर सत्तर-एक रुपये. गोणीची किंमत दीड हजारांच्या वर. माडवाला ती घेत नाही. खडेमीठ टाकतो, नाहीतर काहीच टाकत नाही, आणि नारळ लहान येतात म्हणून वातावरणाला दोष देतो. नत्राच्या पोत्यावर उदार आणि पालाशच्या पोत्यावर कंजूष अशी ही व्यवस्था इथल्या पिकांच्या गरजेच्या बरोबर विरुद्ध टोकाला उभी आहे.

या बाबतीत संघटनेची मागणी आणि कोकणची गरज एका रेषेत येतात. अनुदान सगळ्या अन्नद्रव्यांना प्रमाणात द्या, या वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला काही हरकत नाही.

पण ज्या उपायाचं नाव दिल्लीतल्या मागण्यांत मोठ्यानं ऐकू येत नाही, तो उपाय आपल्याच मातीतला आहे. युरिया आणि डीएपी साठ-चाळीसच्या प्रमाणात मिसळून दाबायचं, २.७ ग्रॅमची गोळी करायची, आणि लावणी झाली की त्याच दिवशी चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीतलं हे चौथं सूत्र. बाकीची तीन म्हणजे भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत देणं, गिरिपुष्पाचा पाला गाडणं आणि दोरीवर मोजून दोन-तीन रोपांची लावणी करणं. गोळी चिखलाच्या ज्या थरात बसते तिथे हवा नसते, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहतं आणि मुळं गोळीकडे चालत येतात. स्फुरद मातीभर न पसरता एका ठिकाणी राहतं, त्यामुळे लोहाच्या तावडीतही कमी सापडतं. हेक्टरी शंभर किलो नत्राऐवजी साठच्या आतल्या नत्रात काम भागतं. दापोलीच्या विद्यापीठानं पुढे पालाशही घालून 'कोकण अन्नपूर्णा' ब्रिकेट, म्हणजे अशीच दाबलेली गोळी, काढली. शोध आहे, शिफारस आहे, प्रात्यक्षिकं झाली आहेत.

मग खाचरात गोळी का दिसत नाही?

पहिलं उत्तर शेतकरी देतो आणि ते खरं आहे: वाकायला माणूस नाही. हेक्टरी ६२,५०० गोळ्या पडतात. दहा गुंठ्यांना सव्वासहा हजार. मालाचं वजन जेमतेम सतरा किलो, एका माणसानं हसत उचलावं असं, पण ते सव्वासहा हजार वेळा वाकून, भर पावसात, इरलं नाहीतर प्लास्टिक सावरत, एकेक गोळी अंगठ्यानं चिखलात दाबायची. दाबली की भोक आपोआप बुजतं. नाही बुजलं तर हातानं पुसायचं, कारण उघडी राहिलेली गोळी म्हणजे पुन्हा फेकलेला युरियाच. त्यात लावणी दोरीवर हवी, नाहीतर चार चुडांचा मध्य सापडायचा कुठे? ज्या घरातली दोन तरणी माणसं विरार-दिव्याला आहेत आणि चार दिवसांची रजा काढून लावणीपुरती येतात, त्या घरात हे काम साठी ओलांडलेल्या बाईच्या कंबरेवर पडतं. ती युरिया फेकून मोकळी होते. तिला आळशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण उत्तर तिथे संपत नाही. युरिया पोत्यातून घेतला तर तो २६६ रुपयांचा. तोच मिसळून, दाबून गोळी केला की यंत्र, वीज, मजुरी आणि दाबणाऱ्याचा नफा हे सगळं शेतकऱ्याच्या माथी. अनुदान पोत्यावर आहे. कमी खतात काम व्हावं यासाठी केलेल्या कष्टावर काहीच नाही. म्हणजे जो देशाचं अनुदान वाचवतो त्यानं वर पैसे भरायचे, आणि जो खाडीला खत घालतो त्याला स्वस्तात. बांगलादेशात हीच गोळी 'गुटी युरिया' म्हणून गावोगाव पोचली, कारण तिथल्या बाजारातल्या खतविक्रेत्यांनीच लहान ब्रिकेट यंत्रं बसवली आणि गोळी खोचायची हाती अवजारंही निघाली. आपल्या विक्रेत्याला युरियाच्या टनामागे साडेतीनशेच्या आसपास रुपये सुटतात, गोणीमागे सोळा. त्यातून तो यंत्र घेईल की दुकानाचं भाडं देईल?

त्या सोळा रुपयांतून दुसरीही एक गोष्ट जन्मते, तिला सगळे 'लिंकिंग' म्हणतात. युरिया हवा तर त्याबरोबर अमुक डबा, तमुक द्रवरूप खत घ्या. नियमात हे बसत नाही, कृषी अधिकारी दर हंगामात बजावतात, आणि दर हंगामात ते चालतं. दुकानदार म्हणतो कंपनी मला लावते, कंपनी म्हणते आम्ही सक्ती करत नाही. संघटनेनं आपल्या सभासदांना या बाबतीत जाहीरपणे, नावानिशी शिस्त लावली तर तिच्या बाकीच्या शब्दाला इथे वजन येईल.

सिंधुदुर्गातल्या एका कृषी सेवा केंद्रात जुलैत उभा होतो. पॉस मशीनवर अंगठा उमटेना म्हणून रांग खोळंबलेली. पुढे उभ्या असलेल्या बाईंनी अंगठा पदराला पुसला, परत लावला, परत लाल दिवा. "काकी, दुसऱ्या हाताचो लावा बघया," दुकानदार म्हणाला. "रे बाबा, चिखलात ऱ्हवान बोटांक रेषा उरल्यात खंय?" शेवटी मागच्या एका मुलानं आपला आधार नंबर सांगितला, आपला अंगठा दिला आणि तिची एक गोणी त्याच्या नावावर निघाली. दिल्लीच्या हिशेबात त्या दिवशी एका कॉलेजच्या पोरानं भातशेती केली.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण संघटनेची सर्वांत मोठी मागणी, अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात, इथेच अडखळते. आजच्या पद्धतीत कितीही दोष असले तरी तिच्यात एक गुण आहे: दुकानात अंगठा मागतात, सातबारा मागत नाहीत. जो कसतो तो जाऊन गोणी आणतो. उद्या अनुदान जमिनीच्या हिशेबानं खात्यात द्यायचं ठरलं तर ते सातबाऱ्यावरच्या नावाला जाणार. आणि कोकणातला सातबारा म्हणजे काय चीज आहे हे दिल्लीत बसून कळायचं नाही. सामाईक खातं, पंचवीस-तीस नावं, त्यातली अर्धी वारलेली, फेरफार न झालेले, दोघे बडोद्याला, एक आत्या सुरतेला, आणि कसणारा सातबाऱ्यावर कुठेच नाही. तो अर्धेलीनं करतो किंवा नुसत्याच शब्दावर. लेखी कुणी देत नाही, कारण कुळकायद्याची भीती दोन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. शेतकरी ओळखपत्राची ॲग्रिस्टॅकची नोंदणी राज्यात सुरू झाली तीही याच खातेदारांच्या यादीवर उभी आहे. अशा ठिकाणी एकरी रोख रक्कम वाटली तर पैसे मुंबईतल्या खात्यात जमा होतील आणि गावातला माणूस महागलेली गोणी पूर्ण भावानं घेईल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही मागणी शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या वाडीत तिच्यामुळे जमीन पड टाकणाऱ्यांची संख्या वाढेल.

म्हणून 'व्हय' म्हणण्याआधी एक अट. रोख देणार असाल तर ती कसणाऱ्याला द्या, आणि कसणारा कोण हे गावात बसून, पीकपाहणी खरी करून ठरवा. ई-पीक पाहणी आहेच; तिच्यात स्वतःचा सातबारा नसलेल्यालाही नोंद करता आली पाहिजे. हे काम महसूल खात्याचं, खतसंघटनेचं नाही, हे मला मान्य आहे. पण जी संघटना थेट हस्तांतरण मागते तिनंच 'कुणाच्या खात्यात' हा प्रश्न सरकारला विचारला नाही तर कोण विचारणार?

आता, दरवेळी कुणीतरी म्हणतंच: कोकणाला रासायनिक खत हवंच कशाला, सगळं सेंद्रिय करा. बोलायला छान आहे. एके काळी दाढ, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजायला रानातून कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून आणायचे, शेण पसरायचे, भाजावळ करायचे. माडाला कुजकी मासळी घालायचे. त्या शेतीच्या मागे गोठ्यात आठ-दहा जनावरं आणि घरात तेवढीच माणसं होती. आज गोठ्यांच्या जागी होमस्टे आहेत. श्रीलंकेनं २०२१ च्या उन्हाळ्यात एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली आणि वर्ष सरायच्या आत निर्णय मागे घेतला, हे आपल्या समोर घडलं आहे. गिरिपुष्पाचा पाला, पेंढा, शेणखत जेवढं मिळेल तेवढं घालावंच, जांभ्याच्या जमिनीला त्याची तहान आहे. पण उरलेलं नत्र कुठून तरी यायला हवं, आणि ते वाहून न जाता यायला हवं. हाच या लेखाचा विषय आहे, म्हणून त्या वादात अधिक शिरत नाही.

संघटनेपुढची खरी परीक्षा मला इथे दिसते. गोळी सर्रास झाली तर भाताच्या पट्ट्यात युरिया कमी खपेल. तिच्या सभासदांचा टन घटेल. स्वतःचा खप कमी करणाऱ्या गोष्टीची वकिली कोणती व्यापारी संघटना करते? माझं उत्तर असं, की हिला करावीच लागेल, आणि त्यात तिचा तोटा वाटतो तेवढा नाही. अडीच लाख कोटींचा आकडा पुन्हा आला तर सरकार आधी कंपन्यांचीच बिलं अडवणार. वाचलेला प्रत्येक टन म्हणजे वाचलेली आयात, वाचलेला गॅस, वेळेवर आलेलं अनुदान. आणि गोळी दाबणं, विकणं, तिचं अवजार भाड्यानं देणं हा धंदाच आहे. तो थळच्या कारखान्याच्या पंचक्रोशीत पेण-अलिबागच्या खाचरांवर सुरू करून बघायला कोण अडवतंय? सरकारनं फक्त एवढं मान्य करावं लागेल, की गोळी दाबायचा खर्च हाही अनुदानाचा भाग आहे. ही मागणी शेतकऱ्यानं केली तर तालुक्यात अडकते. संघटनेनं केली तर ती त्याच टेबलावर जाते जिथे गॅसचा आणि स्थिर खर्चाचा विषय चालतो.

कोकण म्हणजे देशाच्या खपात किती, असा प्रश्न यावर येईल. थोडंच. तेच तर दुखणं आहे. प्रत्येक हंगामाआधी राज्यं आपली मागणी केंद्राला कळवतात, आणि मागच्या काही वर्षांचा खप बघून ती ठरते. ज्यानं कमी वापरलं त्याला कमी, ज्यानं जास्त उधळलं त्याला जास्त. पण जांभ्याची आम्लधर्मी जमीन आणि कोसळणारा पाऊस ही जोडी फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्गाची नाही. गोवा, कारवार, केरळपर्यंत ती तशीच जाते. तिथली अन्नद्रव्यांची गणितं देशाच्या ४:२:१ मध्ये कधीच बसणार नाहीत, आणि एवढे आकडे हाताशी असलेल्या संघटनेनं हे किनारपट्टीचं प्रमाण वेगळं काढून मांडलं तर कृषी विद्यापीठांच्या कपाटातल्या शिफारशींना दिल्लीत वाट मिळेल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते जिल्ह्यात आहे. एप्रिल-मे महिन्यात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली खरीप आढावा बैठक होते. तिथे युरिया इतके टन, सुफला हे संयुक्त खत इतके टन, एवढीच यादी वाचली जाते आणि चहा येतो. त्या यादीत तीन रकाने वाढवून मागता येतील: जिल्ह्यात किती ब्रिकेट लागतील आणि त्या कोण दाबणार, माडा-पोफळीच्या क्षेत्राच्या हिशेबानं पोटॅश किती आणि ते जूनच्या आत पोचणार का, आणि आम्लता मोजून जिथे लागेल तिथे चुना किती. मागणी लेखी द्यायची, इतिवृत्तात नोंद झाली का ते बघायचं आणि तिची एक प्रत दिल्लीला त्या संघटनेच्या पत्त्यावर पाठवून द्यायची.